ओरखड्याचा ठेका

सांगा बघू, विश्वास कोणावर ठेवावा, नावाजलेल्या जाणकारावर की आपल्याच कानांवर?

माझ्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात एकदा सेव्हरिनाबाई आल्या. त्यांचे दिवंगत मिस्टर सॅक्सोफोनवर मुक्त जाझ वाजवायचे, म्हणजे ना ठरलेली चाल, ना ठरलेला ताल. त्यांची एकुलती एक रेकॉर्ड बाईंना चांगल्या हाती सोपवायची होती.

नेमके जाझ मंडळाचे अध्यक्ष बिवलकरसाहेब दुकानात बसलेले. मी रेकॉर्ड लावली. मध्येच खट्, खट् असं वाजू लागलं आणि साहेब उखडले.

"ओरखडे पडलेत, बाई! भंगारात टाका. शेठ, असला माल ठेवलात तर मंडळातलं कोणी तुमची पायरी चढणार नाही."

मीही मान डोलावली. बाईंचा चेहरा उतरला, पण त्यांनी शांतपणे विचारलं, "साहेब, ही मिनिटाला किती फेरे घेते हो?"

"तेहतीस! एवढंही ठाऊक नाही?"

"मग ओरखडा दर फेऱ्याला सुईखाली येणार, अगदी घड्याळासारखा. जरा त्या खटखटीवर टाळी धरता?"

साहेबांनी टाळी धरली, ती चुकली. पुन्हा धरली, पुन्हा चुकली.

"ओरखडा ठेका सोडत नाही, साहेब. ठेका सोडायला माणूसच लागतो. आमचे हे फुंक न मारता सॅक्सोफोनच्या नुसत्या चाव्या दाबून वाजवायचे, तो आवाज आहे हा."

साहेब ओशाळं हसले. "मंडळाला द्याल ही?"

"देते की. फक्त टाळी धरू नका."

तर मंडळी, आपण खरंच काय ऐकलं आणि कुठे नुसती मान डोलावली, याचा हिशेब तेवढा प्रामाणिक ठेवा.