लिलीचा मावा आणि माळ्याच्या मुंग्या

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, देवीशपथ. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे घडली ती माझ्या खापरपणजोबांच्याही आधी, पण पाहिली म्हणतोय तर पाहिली.

तर एक गाव होतं आणि त्या गावात एक माळी. त्याच्या वाफ्यात पांढऱ्या लिली फुलायच्या. गावची रीत अशी, की चैत्रातल्या जत्रेला देवीचा पहिला हार एकवीस लिलींचा आणि तो या माळ्याच्या घरचा. हार चढला की मानाचा नारळ त्याच्या हातात. सात पिढ्या हे चाललं होतं. पण एक फूल जरी कमी पडलं, तर मान दुसऱ्या घरी जाणार, तोही कायमचा.

माळी धार्मिक होता. रोज सकाळी मुंग्यांना साखर घातल्याशिवाय तो चहा पीत नसे. (तेव्हा चहा नव्हता. काय पीत असेल ते असो.) वारूळ वाफ्याच्या कडेलाच होतं, म्हणून साखरही तिथेच पडायची.

एका वर्षी जत्रा पंधरा दिवसांवर आली आणि लिलींवर मावा पडला. हिरवे, बारीक, मोहरीएवढे किडे दांड्यांना चिकटून रस शोषू लागले. पानं चिकट झाली, कळ्या वाकड्या होऊ लागल्या.

माळ्याने वाकून पाहिलं. दांड्यांवर मुंग्यांची रांग वरखाली धावत होती. आणि माव्याच्या मधोमध काळ्या, काटेरी, ओंगळ अळ्या बसल्या होत्या.

"बघ, बघ!" तो माळिणीला म्हणाला. "मुंग्या साखरेला जागल्या. मावा वेचायला आल्यात. आणि या काळतोंड्या कळ्या खातायत."

त्याने चिमट्याने अळ्या उचलल्या आणि पाण्याच्या बादलीत टाकल्या. रोज पन्नासेक बुडवायचा. मावा दुप्पट झाला. मग त्याने साखरही दुप्पट केली.

माळीण मात्र एक अख्खी सकाळ वाफ्यापाशी उकिडवी बसून राहिली. दुपारी म्हणाली, "अहो, तुमच्या मुंग्या मावा वेचत नाहीत, राखतायत. मुंगी त्याच्या पाठीवर मिशी फिरवते, मावा गोड थेंब सोडतो, ही पिते. गवळ्याच्या घरी म्हशी असतात ना, तसा मावा पाळलाय त्यांनी. अळी जवळ आली की तिला चावतात. का? तर अळी मावा खाते."

"मुंगीला नावं ठेवतेस? अगं, मुंगी कष्टाळू असते!"

"कष्टाळू आहेच. पण तुमच्यासाठी नाही."

"आजोबांपासून साखर घालतोय आपण. बंद करू?"

"बंद कोण म्हणतंय? कुंपणापलीकडे घाला. पुण्य काय कुंपणाला अडतं?"

माळी ऐकेना. तेव्हा माळिणीने वाफ्याच्या मधोमध दोरी ताणली. "इकडचा अर्धा माझा, तिकडचा तुमचा. तुमच्या अर्ध्यात खुशाल जेवणावळी घाला."

तिने ओल्या फडक्याने दांडे पुसून बराचसा मावा काढला, आपल्या अर्ध्याभोवती चुलीतल्या राखेची जाड रेघ ओढली आणि अळ्यांना हातही लावला नाही. मुंग्या राखेपाशी यायच्या आणि मागे फिरायच्या. राहिलेला मावा अळ्यांनी आठवड्यात संपवला.

जत्रेच्या आदल्या दिवशी माळ्याच्या अर्ध्यात काळवंडलेल्या कळ्या गळून पडल्या होत्या. माळिणीच्या अर्ध्यात त्याने फुलं मोजली. बावीस. एक तर पानाआड लपलेलं, ते त्याने तीनदा मोजलं.

तेवढ्यात पानाखाली चिकटलेल्या, त्या काळ्या अळीनेच केलेल्या एका कोषातून लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा बाहेर आला. असले किडे माळी लहानपणी हौसेने तळहातावर खेळवायचा. त्याने बादलीकडे पाहिलं आणि माळिणीला हाक मारली. "अगं, मी यांचीच पोरं बुडवली!"

हार देवीला चढला. पाटलांनी मानाचा नारळ माळ्यापुढे धरला. अख्ख्या गावासमोर माळी म्हणाला, "पाटील, नारळ हिच्या हातात द्या. मी राखणदार बुडवले आणि चोरांना पोसणाऱ्यांना साखर चारली." माळिणीने पदर सावरून नारळ घेतला.

तात्पर्य: जो धावतो तो आपल्यासाठीच धावतो असं समजू नये, आणि जो ओंगळ दिसतो तोच चोर असंही समजू नये. कोण काय खातं, ते आधी बसून बघावं.

आता शपथ घेतलीच आहे तर सांगून टाकतो. मुंग्या खऱ्या, मावा खरा, अळ्या आणि राख खरी. बावीस फुलंही खरी. माळ्याने गावासमोर जे बोलून दाखवलं, तेवढं मात्र माझ्या पदरचं. खरं म्हणजे त्याने नारळ घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाला, "यंदा वाफ्यावर फार मेहनत घेतली बुवा."