हात उशिरा धू

“बाई, अजून काय करायचं राहिलंय, सांगाल का?”

डॉ. श्रीरंग पाटणकर दारातच बोलला. चपलाही काढायच्या राहिल्या होत्या.

देऊसकर बाईंनी त्याला पाठीच्या कण्याची ऑपरेशनं शिकवली होती. आता त्या निवृत्त होत्या. गुडघे दुखायचे, म्हणून बसूनच बोलायच्या.

“बस. चहा घे.”

“नको. उद्या अनसूयाबाई कोरगावकरांचं ऑपरेशन आहे. वय साठ. पाठीला इतका बाक आलाय की छाती दबते, श्वास पुरत नाही. पुढे ढकलता येत नाही.”

“मग कर.”

“मागची पेशंट बाई अशीच होती. इतकं रक्त गेलं की... वाचली, पण कशीबशी. अनसूयाबाईंच्या अंगात तेवढं रक्तच नाही.”

बाईंनी स्वतःसाठी चहा ओतला.

“रक्त कमी वाहावं म्हणून औषध देतो. बीपी सांभाळतो. सांडलेलं रक्त धुऊन परत चढवायचं यंत्र आणलंय. आमच्याइतकी तयारी या भागात कुणाकडे नाही बाई. तरी पाठ उघडली की रक्त येतच राहतं.”

“दमलास.”

“...हो.”

“त्या दिवाणावर पालथा पड. पोटाखाली तो लोड घे.”

“बाई, मी आता विभागप्रमुख आहे.”

“मग विभागप्रमुख, पालथे पडा.”

तो चपला काढून पालथा पडला. बाई चहा पिऊ लागल्या. थोड्या वेळाने त्याचा चेहरा लाल झाला. मानेवरच्या शिरा फुगल्या.

“उठू का?”

“भूल दिलेला पेशंट विचारतो का?”

बाई कष्टाने उठल्या. लोड ओढून काढला. एक उशी त्याच्या छातीखाली सरकवली, एक कमरेखाली. पोट मधे मोकळं राहिलं. श्रीरंगने लांब श्वास सोडला.

“आता?”

“बरं वाटतंय.” मग तो थोडा चिडूनच म्हणाला, “हे मला माहीत आहे बाई. पोट दाबलं की तिथलं रक्त पाठीच्या शिरांत चढतं. मी हे हाताखालच्या शिकाऊ मुलांना शिकवतो.”

“पेशंटला पालथं कोण करतं?”

“मुलंच करतात. चांगली तयार आहेत.”

“उशा कुठे ठेवतात?”

“ठरलेल्या जागी. छाती आणि कंबर.”

“सगळ्यांना सारख्याच?”

“हो.”

“अनसूयाबाई सरळ आहेत?”

श्रीरंग उशीत तोंड घालून पडून राहिला.

“...एका बाजूला कललेल्या आहेत. पोट त्या बाजूने खाली येतं.”

“मागची बाई?”

“...तीही.”

“तेव्हा तू कुठे होतास?”

“बाहेर. हात धूत होतो. मी आत येईपर्यंत सगळं हिरव्या कापडाखाली झाकलेलं असतं. फक्त पाठ दिसते.”

बाई खुर्चीत परत बसल्या. डोळे मिटले. त्याला वाटलं, त्यांना झोप लागली. तो हळूच उठून चपला शोधू लागला.

“श्रीरंग.”

“हं?”

“उद्या हात उशिरा धू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अनसूयाबाईंना भूल देऊन पालथं केलं, तेव्हा श्रीरंग टेबलाशेजारी गुडघ्यांवर बसला होता. त्याने त्यांच्या पोटाखालून तळहात फिरवला. डाव्या बाजूला तो पोट आणि उशीच्या मधे अडकला. तळहात मोकळा फिरेपर्यंत त्याने उशी सरकवली, आणि मग हात धुवायला गेला.