दोनमजली सायकल

गावोगावी सायकलींचंच राज्य होतं, त्या काळातली ही गोष्ट. हुसेन मिस्त्रीने जत्रेसाठी एक गंमत केली. काळ्या सायकलीच्या पाठीवर त्याने तांबडी सायकल वेल्डिंगने जोडली. चाकं काळीला, सीट आणि हँडल तांबडीला. ही दोनमजली सायकल निघाली की पोरं टाळ्या पिटत मागे धावायची आणि तांबडी हरखून जायची.

जत्रेच्या सकाळी खालून काळी म्हणाली, "तांबडे, माझ्या सांध्याला तडा गेलाय गं. मिस्त्री उंच बसतो, माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही. तू जरा कुरकुर, म्हणजे तो उतरून बघेल."

"आज नको ना, ताई! आज मिरवणूक आहे. बघितलं तर तो आपल्याला घरीच ठेवेल. उद्या नक्की कुरकुरते."

"बरं," काळी म्हणाली.

दिवसभर तांबडीने हूं की चूं केलं नाही. देवळाच्या चढावर काळीचे दोन तुकडे झाले. मिस्त्री धुळीत पडला. पोरं हसली आणि ढोलताशांकडे पळाली.

मिस्त्रीने दोघींना कापून वेगळं केलं आणि काळीची चाकं तांबडीला बसवली. भंगारवाला आला, तेव्हा मिस्त्रीने काळीच्या मोडक्या दांडीवरून हात फिरवला. "एवढं सोसलंस," तो म्हणाला, "एकदा तरी कुरकुरायचंस की गं."

भिंतीला टेकलेली तांबडी ऐकत होती. आता काळी त्याला सकाळचं सगळं सांगणार, असं तिला वाटलं.

काळीने सांगितलं नाही.