उशाचं बायबल

“...आणि आज राहिलेला अध्याय उद्या वाचला, तर देव तो धरतो का, आजी?”

राहेलबाई सुईत दोरा ओवत होत्या. ओवून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

राहेलबाई म्हणजे चर्चमागच्या चाळीतल्या जुन्या बायबलबाई. ज्या बायांना वाचता येत नसे, त्यांच्या दारी जाऊन त्यांनी जन्मभर शास्त्र वाचून दाखवलं. आता गोधड्या शिवतात; स्वतःचं वाचन मात्र अजून चालू आहे.

विचारणारी सलोमी. काखेत वर्षाचा योएल. भर दुपारची आली आणि अजून टेकलीसुद्धा नव्हती.

“धरतो म्हणजे?”

“म्हणजे... हिशेबात.”

आजींनी तिला हातानंच बस म्हणून खुणावलं.

बसल्यावर सलोमीनं सगळं सांगितलं. गेल्या पावसाळ्यात घरी पाहुणे आले, त्या दिवशी वाचायचं राहून गेलं. नेमका त्याच रात्री योएलला ताप चढला आणि आकडी आली. डॉक्टर म्हणाले, तापात लहान लेकरांना येते, घाबरू नका. पण तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच. तेव्हापासून तिनं खाडा केला नाही. सकाळी वाचायचं, दुपारी वाचायचं, निजताना गुडघ्यांवर प्रार्थना. नवरा दिवा मालव म्हणाला तर मोरीत बसून वाचायचं. डुलकी लागून एखादी ओळ सुटली, तर पुन्हा पहिल्यापासून. आणि वाचून झालं की बायबल लेकराच्या उशाखाली.

काल मात्र ती वाचता वाचता बसल्या जागी झोपली. आज सकाळपासून योएलच्या कपाळावरचा हात काढायचं तिला धाडस होत नव्हतं.

सांगताना आवाजात दमणूक होती, तशी थोडी ऐटही होती. चर्चच्या मंडळीत आपल्याएवढं वाचणारं कोणी नाही, हे तिला ठाऊक होतं.

“वाच बरं,” आजी म्हणाल्या.

सलोमीनं योएलला अर्ध्या शिवलेल्या गोधडीवर निजवलं. पिशवीतून बायबल काढलं आणि एक स्तोत्र वाचायला घेतलं. भरभर, श्वास न घेता. डोळे पानावर कमी, लेकराच्या छातीवर जास्त. हलतेय ना, एवढंच बघायचं.

संपल्यावर आजींनी विचारलं, “काय होतं त्यात?”

सलोमीला काही आठवेना.

“वाचत नव्हतीस तू, पोरी. पहारा देत होतीस.”

ते तिला लागलं. “तुम्हाला नाही कळायचं, आजी. तुमच्या घरात लेकरू नाही.”

सुई थांबली...

“होतं,” आजी म्हणाल्या. “मुलगी होती. चालायला लागली होती नुकती. घशाचा आजार झाला. उशाशी बसून सकाळपासून वाचत होते. एक ओळ सोडली नाही.”

“मग?”

“मग काय? गेली.”

सलोमीनं चटकन योएलचं कपाळ चाचपलं. थंड होतं. तरी हात तिथंच राहिला. डोळे भरून आले, पण रडायलाही अंगात त्राण नव्हतं.

आजींनी सुई गोधडीत खोचली. निजलेल्या योएलला उचलून मांडीवर घेतलं. सलोमीच्या हातातलं बायबल घेतलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि लेकराचं डोकं होतं त्या जागी ठेवलं.

“टेक डोकं.”

“ह्याच्यावर?”

“त्याच्या उशाला चालतं, तुझ्या चालत नाही?”

“पण आजचा अध्याय राहिलाय...”

“राहू दे.”

सलोमी आडवी झाली. आधी मान ताठच होती. मग हळूहळू सैल पडली. डोळे मिटता मिटता तिनं विचारलं, “आजी... पोरगी गेली, तर मग तुम्ही अजून का वाचता?”

आजींनी योएलला थोपटलं.

“ती गेली तेव्हा अध्याय अर्धाच झाला होता. पुस्तक मिटलं आणि देवाला म्हटलं, उरलेला आता तूच वाचून दाखव... पुस्तक उघडून अजून ऐकतेय.”