पडीक रानातलं गुप्तधन

"घसा बसेपर्यंत सांगितलं, पण एकानंही माझ्यावर विश्वास ठेवला नाही!" ठमाबाई भर दरबारात ओरडली.

झालं होतं असं. राजानं फर्मान काढलं होतं. ज्यानं पीक घेतलं त्याला अनुदान, ज्याचं रान पडीक त्याचं रान दरबारजमा. ठमाबाईनं रताळी लावली होती. रताळ्याचे वेल आधी कापून म्हशीला घालायचे आणि मग सवडीनं रताळी खणायची, ही तिच्या गावाची रीत. वेल कापले, रान बोडकं झालं, आणि नेमके तेव्हाच दरबाराचे महसूल अधिकारी, कमाविसदार रंभाजीराव पाहणीला आले. ओढ्याच्या पलीकडूनच त्यांनी नजर टाकली आणि लिहून मोकळे झाले: पडीक!

"महाराज, पीक मातीच्या आत आहे. खणून आणून दाखवते!"

"रताळी काय, बाजारातही मिळतात," राजा म्हणाला.

"मग गावाला विचारा."

"गाव तुझंच. तुझ्यासारखंच बोलणार."

राजा भारी हट्टी. कमाविसदारानं लिहिलेलं तो कधी खोडत नसे. "रंभाजीराव स्वतःच्या तोंडानं 'पीक आहे' म्हणाले, तर अनुदान घे. उद्यापर्यंत मुदत. नाहीतर रान गेलं!"

रंभाजीराव मिशीत हसले. "बाई, माझं तोंड माझ्या ताब्यात आहे."

"बघू की," ठमाबाई म्हणाली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन आली. पाटीत मातीनं माखलेली रताळी.

"कमाविसदारसाहेब, माझं रान पडीकच ना?"

"पडीक! ठार पडीक!"

"तिथं कुणी काही लावलेलं नाही?"

"काडीसुद्धा नाही!"

"मग महाराज, हे घ्या. न लावता जमिनीत जे सापडतं ते गुप्तधन, आणि गुप्तधन दरबाराचं. तुमचाच कायदा. रानभर पुरलेलं आहे. खोटं वाटत असेल तर शिपाई पाठवा."

"रताळी म्हणजे धन?" राजानं विचारलं.

"कायद्यात सोनंच पाहिजे असं म्हटलंय का?"

राजानं प्रधानाकडं पाहिलं. प्रधानानं मान हलवली. म्हटलेलं नव्हतं.

"आणि महाराज, पाहणी करूनही ज्यानं गुप्तधन दडवलं, त्याला काय शिक्षा?"

"घरदार जप्त," प्रधान म्हणाला. "शिवाय तुरुंग."

राजा वळला. "रंभाजीराव, रान तुम्ही पाहिलंत. आम्हाला कळवलं का नाही?"

रंभाजीरावांचा घाम मिशीवरून ठिबकू लागला. "सरकार, धन कसलं! पीक आहे ते! या बाईनं लावलेलं पीक आहे! चांगलं रानभर पीक आहे!"

"तोंड ताब्यातून सुटलं वाटतं," ठमाबाई म्हणाली.

राजा इतका हसला की डोक्यावरचा मंदील कानावर आला. मग त्यानं डोळे पुसत विचारलं, "रंभाजीराव, मग पडीक कसं लिहिलंत?"

"सरकार, मी रानात जाणारच होतो. पण घोडी ओढ्यात पाय घालीना!"

राजा पुन्हा हसत सुटला. हसणं आवरल्यावर त्यानं निकाल दिला. रान ठमाबाईचं. अनुदान दुप्पट. दोषी घोडी ठमाबाईच्या दावणीला. रंभाजीरावांनी यापुढं पाहणी पायी करायची.

संध्याकाळी गावोगाव दवंडी पिटली, "ऐका हो ऐका! पाहणीत चूक झाली. चूक करणारीचं नाव, चंद्रकोर घोडी!"