केदारीची करवत

"दुरुस्त करू की बदलू, आप्पा? एका शब्दात सांगा."

केदारी सुतार उंबऱ्यातच उभा होता. घामाघूम झालेला.

आप्पा मेस्त्री महादेवाच्या देवळामागच्या खोलीत एकटेच राहत. एके काळी आजऱ्यातला लाकडाचा कारखाना त्यांचा होता. केदारी त्यांच्याच हाताखाली शिकला. मग एके दिवशी आप्पांनी किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या आणि इथे येऊन राहिले.

गाव म्हणालं, म्हातारा विरक्त झाला.

केदारीला मनातून वाटलं, शिष्य पुढे गेला, म्हणून गुरूने जागा सोडली.

"बस," आप्पा म्हणाले.

"बसायला सवड नाही. देवीच्या देवळाच्या दाराची फळी वाया गेली. जुनं सागवान, आप्पा! आता तसलं लाकूड डोळ्यांना दिसत नाही. करवत मध्येच थरथरते आणि रेघ सोडते."

"बेअरिंग?"

"नवं टाकलं."

"पातं?"

"तेही नवं."

"मोटर?"

"नवी गुंडाळी भरून आणली."

"मग राहिलं काय?"

"म्हातारपण," केदारी म्हणाला. "तुमच्या वेळचं यंत्र ते. किती ओढायचं?"



"इलाही काय म्हणतो?"

इलाही मुल्ला कारखान्यातला जुना कामगार. करवतीवर फळी चढली की तिचं पलीकडचं टोक कायम त्याच्या हातात असे.

केदारीने नजर फिरवली.

"त्याला काढला."

"का?"

"गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाला, 'मालक, तुम्ही जरा बसा, मी कापतो.' मला! ज्या दिवशी फळी बिघडली त्याच दिवशी. वर मलाच शहाणपण... मी म्हटलं, पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस."

"मग तो काय म्हणाला?"

"काही नाही. जेवणाचा डबा उचलला आणि गेला. उरलेली फळी मी एकट्यानेच कापली."

आप्पा भिंतीला धरून उठले.

"चल. करवत बघू."

कारखान्यात कोणी नव्हतं. बिघडलेली फळी भिंतीला टेकून उभी होती. अर्ध्यापर्यंत काप सुतासारखा सरळ. तिथून पुढे वाकडा, जणू कुणीतरी भलताच माणूस येऊन कापून गेला होता.

आप्पांनी फळी पाहिली. यंत्राकडे पाहिलंच नाही.

"चालू कर."

करवत घरघरत सुरू झाली.

"पात्यापासून लांब, या पत्र्यावर हात ठेव. कळतंय काही?"

"कळतंय की!" केदारी ओरडून म्हणाला. "बघा कशी थरथरतेय!"

"बंद कर. पत्र्यावरचा हात काढू नकोस."

केदारीने दुसऱ्या हाताने बटण दाबलं. पातं फिरत फिरत मंदावलं. थांबलं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाक मारत होतं, ती ऐकू येऊ लागली.

"आता?"

"आता पण थर..."

केदारी मध्येच थांबला.

त्याने पात्याकडे पाहिलं. पातं जागच्या जागी होतं. मग त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

डावा हात त्याने उजव्यावर दाबून धरला. जोर लावला. खालचा हात थांबेना.

"कधीपासून?" आप्पांनी विचारलं.



"दिवाळीच्या आसपास... मला वाटायचं, यंत्राचा हादरा अंगात राहतो. घरी गेल्यावरही राहतो. जेवताना घास..."



"इलाहीला ठाऊक होतं?"

"माझी फळी हलली की तो पलीकडून हलकेच सावरून घ्यायचा. रेघेवर आणायचा." केदारीचा आवाज खाली गेला. "मला वाटायचं, तोच ओढतो. मी त्याच्यावरच खेकसायचो, आप्पा."

आप्पा आले तसे हळूहळू देवळाकडे निघून गेले.

सकाळी केदारी इलाहीच्या घरी गेला. काय बोलायचं ते वाटभर जुळवत होता. दाराला कुलूप होतं.

शेजारची म्हातारी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"गेली की ती माणसं. बायकापोरं घेऊन. बेळगावला त्येच्या बायकोचा भाऊ हाय, त्येच्याकडं. तिथं लाकडाच्या वखारीत काम मिळतंय म्हणं."

"परत कधी येणार?"

"भांडीकुंडी बांधून नेली, बाबा. आता कशाला येतील?"

केदारी वळला. पुन्हा थांबला.

"माझ्याबद्दल काही म्हणाला?"

म्हातारीने सूप खाली ठेवलं.

"मीच इचारलं त्येला. एवढ्या वर्साचं काम का सोडलंस? भांडाण झालं काय? तर म्हणला, न्हाई, मालकास्नी बरं न्हाई. एवढंच म्हणला बघ."

केदारी त्या दिवशी कारखान्यात गेला नाही. कुठे गेला, कुणाला कळलं नाही.

दिवेलागणीला तो आप्पांच्या खोलीत आला आणि भिंतीशी बसला. देवळातली घंटा वाजली. कुणीतरी गाभाऱ्यात उदबत्ती लावून गेलं.

"इलाही गेला," केदारी शेवटी म्हणाला.

"करवत ठीक आहे, आप्पा. तिला काही झालेलं नाही."

त्याने आप्पांकडे तोंड वळवलं.

"तुम्ही कारखाना का सोडलात? लोक म्हणतात, वैराग्य आलं."

आप्पांनी उजवा हात त्याच्यापुढे धरला. केदारीने तो हात पाहिला, मग स्वतःचा.

"मला सांगितलं का नाही तेव्हा?" केदारीने विचारलं.

"मी तर समजत होतो..." केदारीने वाक्य सोडून दिलं. हात मांडीखाली दाबून धरले. "मी आता काय करू?"

खोलीत बराच अंधार झाला होता. आप्पांनी कोपऱ्यातल्या स्टोव्हकडे मान केली.

"चहा ठेव," ते म्हणाले. "आणि कप अर्धेच भर... दोन्ही."