देवकड्याची चढती धावपट्टी

एकदा एका कार्यशाळेत एक नियम होता, आणि त्या नियमाला एक शेपूट होते. नियम असा, की धावपट्टी नेहमी सपाट ठेवावी. शेपूट असे, की ती सपाट का, हे कुणी विचारू नये.

ही कार्यशाळा लोखंडलाकडाची नव्हती. पिठाच्या गिरणीच्या माडीवर तीन संगणक, दोन पंखे आणि कळफलक झाकायला जुन्या धोतराचे तुकडे, एवढाच तिचा संसार. तिथे विमानतळ तयार होत. घरबसल्या संगणकावर विमान उडवता येते, त्या प्रणालीला सिम्युलेटर म्हणतात. कुणी तिच्यावर खेळतो, कुणी होतकरू वैमानिक तिच्यावर सराव करतो. मूळ सिम्युलेटरमध्ये जगातले मोठमोठे विमानतळ असतात, पण आडरानातली, डोंगरमाथ्यावरची लहानशी धावपट्टी त्यात कोण घालणार? अशा धावपट्ट्या, त्यांच्या भोवतीचे कडे, झाडे, पत्र्याच्या शेड्स हुबेहूब बनवून मूळ सिम्युलेटरला जोडायच्या, हा या कार्यशाळेचा उद्योग. या जोडकामाला ॲड-ऑन म्हणतात. एक व्यापारी ते आपल्या ऑनलाइन दुकानात विकत असे, आणि त्यावर माडीवरच्या तिघांची घरे चालत.

कार्यशाळा उभी केली होती अप्पांनी. त्यांचे वय झाले होते, गुडघे कुरकुरत होते, पण पडद्यावर डोंगर उभा करावा तर त्यांनीच. त्यांचा उजवा हात म्हणजे सबनीसकाका. आणि तिसरी शाल्मली. ती नुकतीच अभियांत्रिकीची पदवी घेऊन आलेली. बुद्धी भरपूर होती, संयम मात्र देवाकडून तिला द्यायचा राहून गेला होता.

"काका, धावपट्टी सपाटच का?" तिने पहिल्याच आठवड्यात विचारले होते.

"पोळी गोलच का?" सबनीसकाका मान वर न करता म्हणाले.

"माझी नसते गोल."

"ठाऊक आहे. तुझ्या आईनं सांगितलंय."

शाल्मलीने अप्पांकडे पाहिले. अप्पा हसले आणि पडद्याकडे वळले.

काही काळ गेला आणि जुन्या सिम्युलेटरचे दिवस भरले. नवे सिम्युलेटर आले. त्यात उपग्रहाने टिपलेली पृथ्वी होती, खरे ढग होते, डोंगरांना त्यांची खरी उंची होती. गिऱ्हाईक नव्या घरी राहायला जाऊ लागले. आता कार्यशाळेलाही आपले सगळे विमानतळ घेऊन तिकडे जाणे भाग होते. सुरुवात देवकड्याच्या धावपट्टीपासून करायची ठरली. कारण ती अप्पांची सर्वांत जुनी आणि सर्वांत लाडकी निर्मिती होती. काम शाल्मलीला मिळाले.

त्याच सुमारास एक तरुण वैमानिक बाई माडी चढून वर आली. पावसाळ्यात देवकड्याचा रस्ता खचतो, तेव्हा तिथल्या दवाखान्याला औषधे विमानाने जातात. यंदा ती फेरी तिच्याकडे आली होती. देवकड्यावर ती एकदाच, मागच्या खुर्चीत बसून उतरली होती. आता स्वतः विमान उतरवण्याआधी तिला घरी सराव करायचा होता. शाल्मलीने तिला जुन्या सिम्युलेटरसमोर बसवले. बाईंनी दरीवरून विमान आणले, अलगद टेकवले, थांबवले. मग त्या पडद्याजवळ वाकल्या.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "शेडचा गंजसुद्धा खरा आहे. पण ही माझी पट्टी नव्हे."

"म्हणजे?"

"देवकड्याची पट्टी चढाची आहे. विमान टेकतं आणि टेकडी चढत चढत थांबतं. त्यात मेख अशी, की चढाची पट्टी समोर आली की डोळ्याला वाटतं, आपण फार उंचावर आहोत. हात आपोआप विमान खाली घेतो. आणि पट्टीच्या अलीकडे सरळ दरी. मला त्या डोळ्याच्या फसवणुकीचा सराव हवाय. इथे शिकले ते घेऊन तिथे गेले, तर..." त्यांनी वाक्य सोडून दिले.

"तुम्हाला तुमची पट्टी मिळेल," शाल्मली म्हणाली. कुणाला न विचारता.

बाई गेल्यावर सबनीसकाका कडाडले, "कुणाच्या परवानगीनं शब्द दिलास? नियम म्हणजे नियम! आणि रूपांतराचं साधन आहे ना? जुनी फाइल या बाजूनं घालायची, त्या बाजूनं नव्या सिम्युलेटरची बाहेर येते. दुपारपर्यंत काम संपलं."

शाल्मलीलाही ते साधन ठाऊक होते. आधी जुने सगळे जसेच्या तसे नव्यात आणावे, मग पट्टीचे बघू, असा विचार करून ती अप्पांकडे गेली. "अप्पा, देवकड्याच्या मूळ फाइली द्या."

अप्पांनी फाइली दिल्या नाहीत. ते उठले, कोपऱ्यातल्या फडताळातून पारदर्शक प्लास्टिकच्या नळीचे एक वेटोळे काढले आणि तिच्या हातात ठेवले. गवंडी दोन भिंतींची उंची जुळवायला पाणी भरून वापरतात, तसली नळी.

"हे काय?"

"पाणसळ. उद्या सकाळच्या एसटीनं देवकड्याला जायचं. मी येतो."

"अप्पा, नव्या सिम्युलेटरमध्ये उपग्रहाची उंची आहे! सगळा डोंगर मोजलेला आहे!"

"असेल. डबा घेऊन ये. तिथे काही मिळत नाही."

शाल्मली धुमसत घरी गेली. म्हाताऱ्यांना आपल्या फाइली जिवापेक्षा प्याऱ्या असतात, दुसऱ्याच्या हाती द्यायच्या म्हटले की कशाचेही निमित्त करतात, हे तिने आईला ऐकवले, शेजारणीला ऐकवले आणि दुसऱ्या दिवशी एसटीच्या खिडकीलाही ऐकवले. अप्पा शेजारी शांतपणे शेंगा सोलत होते.

देवकड्याच्या पट्टीच्या खालच्या टोकाला, दरीच्या काठाशी, अप्पा एका दगडावर बसले. नळीत पाणी भरले. एक टोक त्यांनी स्वतःच्या छातीशी धरले, दुसरे तिच्या हाती दिले. "नळी पुरेल तिथवर वर जा. टोक पायाशी उभं धर. पाणी कुठं थांबतं ते सांग."

ती गेली. नळीतले पाणी हेलकावले आणि स्थिर झाले. अप्पा दगडावरून उठून उभे होते, पाणी त्यांच्या छातीशी होते. तिच्याकडे तेच पाणी तिच्या गुडघ्याशी होते.

"कुठं आहे?" खालून हाक आली.

"गुडघ्याशी!"

"तिथं खूण कर. आता मी तिथं येतो, तू पुढे जा."

असे करत दोघे पट्टी चढले. अप्पा मधूनमधून थांबत, गुडघ्यांना शिव्या देत आणि पुन्हा टोक छातीशी धरत. उपग्रहाचा आकडा शाल्मलीला पाठ होता. पण तो आकडा आणि हे आपल्या पायाशी चढत येणारे पाणी, यांत किती अंतर आहे ते तिला त्या दिवशी कळले. आकड्यात पट्टी एकसारखी चढत होती. पाण्यात ती मध्यावर किंचित विसावत होती आणि मग एकदम उठत होती. वैमानिकाचा हात जिथे चुकेल ती जागा नेमकी तीच होती.

वरच्या टोकाला पोचल्यावर दोघांनी डबे उघडले. तेव्हा अप्पा बोलले.

"मी पहिल्यांदा आलो तेव्हाही पाणी असंच चढलं होतं. पण त्या वेळच्या सिम्युलेटरला चढ ठाऊकच नव्हता. तिरपी पट्टी केली की चाकं तरी जमिनीत बुडत, नाही तर विमान जमिनीपासून वीतभर वर तरंगत राही. माझ्यापुढे दोनच मार्ग होते. डोंगर कापून पट्टी सपाट करायची, किंवा देवकडा कुणाला दाखवायचाच नाही. मी डोंगर कापला. पुढे हाताखाली माणसं आली, त्यांना कारण सांगत बसायला वेळ नव्हता, म्हणून नियम सांगितला. स्लॅब टाकताना खालून फळ्या लावतात ना, तसा तो नियम. स्लॅब पक्का झाला की फळ्या काढायच्या असतात. पण फळ्या लावणारा माणूस गप्प राहिला, तर पुढचे लोक फळ्यांनाच घर समजतात. तुला फाइली दिल्या नाहीत, कारण त्यांत देवकडा नाही. त्या यंत्राला काय जमत नव्हतं, ते त्यांत आहे. नव्या घरी राहायला जाताना जुन्या घराची गळती कुणी बरोबर नेतं का? देवकडा इथं आहे. तो इथून ने."

शाल्मली घास हातात धरून बसली. तिला आठवले, शाळेत असताना मामाच्या संगणकावर ती पहिल्यांदा जिथे विमान घेऊन उतरली होती, ते देवकडाच. अप्पांनी कापलेला, सपाट देवकडा. त्या दुपारी तिने मामाला सांगितले होते की मी मोठेपणी असले डोंगर बनवणार. अप्पांनी तेव्हा डोंगर कापला नसता, तर तो तिच्यापर्यंत पोचलाच नसता. ज्या पट्टीला ती मनातल्या मनात खोटी म्हणत होती, तिच्यावरूनच ती इथवर आली होती.

"अप्पा," ती म्हणाली, "चटणी घ्या." अप्पांनी चटणी घेतली.

मग शाल्मलीने नवा देवकडा घडवला. विसावा विसाव्याच्या जागी, उठाव उठावाच्या जागी. वैमानिक बाई येऊन उडवून गेल्या. पहिल्या वेळी त्यांचे विमान दरीच्या काठावर आपटले. त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि म्हणाल्या, "हीच. आता रोज येते." त्या रोज येऊ लागल्या, आणि त्यांचा हात हळूहळू शहाणा होऊ लागला. फेऱ्या सुरू व्हायच्या आधी नवा ॲड-ऑन त्यांच्या घरच्या संगणकावर असावा, असे ठरले.

पण दुकानात मांडण्याआधी व्यापाऱ्याने तो काही निवडक गिऱ्हाइकांना वापरायला दिला, आणि एके सकाळी तो स्वतःच धापा टाकत माडी चढून आला.

"अप्पा, लोक बोंब मारतायत! एक गिऱ्हाईक म्हणतो, विमान पट्टीच्या तोंडाशी उभं केलं, चहा आणायला गेलो, येऊन बघतो तर विमान दरीत! दुसऱ्याचंही तेच!"

"ब्रेक लावून चहाला जा म्हणावं," शाल्मली म्हणाली.

"त्यांच्या जुन्या विमानांचे ब्रेक नव्या सिम्युलेटरमध्ये नीट धरत नाहीत, ताई. ती विमानं दुसऱ्यांनी बनवलेली. मी कुणाकुणाला सांगू? तुमची पट्टी चढाची आणि माझा धंदा उताराचा! सपाट करा, आजच दुकानात मांडतो. नाही तर सणाचा मोसम गेला, आणि मोसम गेला की तुमचं नाव मागच्या पानावर."

"मी म्हणत नव्हतो?" सबनीसकाका म्हणाले. "नियम उगाच नसतात."

शाल्मलीने अप्पांकडे पाहिले. तेच आता बोलतील अशी तिची खात्री होती. अप्पा चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"पोरी," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज थकलेला होता, "या खेपेला सपाट कर. तीन घरं चालायची आहेत. चढाचं पुढं कधी तरी बघू."

"आणि त्या बाईंचं?"

"त्यांना आपण परस्पर वेगळी फाइल देऊ. दुकानात सपाट."

"आणि त्यांच्यानंतर जो वैमानिक येईल तो? तो दुकानातूनच घेईल ना, अप्पा? वरती देवकडा लिहिलेलं बघून?"

व्यापाऱ्याने घड्याळ पाहिले. सबनीसकाकांनी तिच्या संगणकाची खुर्ची तिच्याकडे सरकवली. बस, आणि कर, असा त्याचा अर्थ.

शाल्मली उठली. खुर्चीकडे न जाता ती अप्पांसमोर गेली आणि त्यांच्या पायांशी वाकली. पूर्ण वाकली, कपाळ टेकवून. एरवी परीक्षेला जातानासुद्धा नमस्कार करायला कुरकुरणारी पोर. व्यापाऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. सबनीसकाका म्हणाले, "शहाणी आहे." ऐकलं पोरीनं, असेच सगळ्यांना वाटले.

ती सरळ झाली. डोळे भरले होते, आवाज मात्र कापत नव्हता.

"अप्पा, मला जे येतं ते तुमच्यामुळे येतं. तुम्ही डोंगर कापलात म्हणून मला डोंगर दिसला. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तेव्हा यंत्राला जमत नव्हतं. आता यंत्राला जमतंय. आता सपाट केली तर कुणाला जमलं नाही म्हणायचं? मी सांगणार नाही कुणाला, की आम्हालाच जमलं नाही. ब्रेक न धरणाऱ्या विमानांसाठी दगडाच्या अटकणी करून देते चाकांमागे ठेवायला, आज रात्रीपर्यंत देते. पट्टी सपाट करणार नाही. मला काढायचं असेल तर काढा. पट्टी मी सपाट करणार नाही."

व्यापारी अप्पांकडे बघत राहिला, अप्पांनी काही बोलावे म्हणून. अप्पा तिच्याकडे बघत होते.

शाल्मलीने खुर्ची पुढे ओढली आणि ती चाकांमागची पहिली अटकण घडवायला बसली.